‘प्लॅटफॉर्म कसा वाटला?’ असं विचारण्याआधी

विद्यापीठांच्या ऑनलाइन अभ्यासाच्या प्लॅटफॉर्मबद्दल विद्यार्थी कितपत समाधानी आहेत, ते मोजायचं कसं आणि त्यात सुधारणा कुठून सुरू करायची, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

सत्राअखेरीस आम्ही विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. ‘ऑनलाइन प्लॅटफॉर्मबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?’ याची सरासरी ५ पैकी ३.९ आली आणि अहवालात ‘समाधानकारक’ असा शेरा पडला. पण मदतकक्षाकडे येणाऱ्या तक्रारी काही थांबत नाहीत. खरं काय मानायचं?
— एक अभ्यासक्रम समन्वयक

दोन्ही खरं असू शकतं. १०० विद्यार्थी धरा. ९० जणांनी ४ आणि १० जणांनी ३ दिले, तर सरासरी ३.९ येते. आता ६५ जणांनी ५, ५ जणांनी ३, २० जणांनी २ आणि १० जणांनी १ दिला असं समजा. सरासरी तीच, ३.९. पहिल्या वर्गात कुणाचंच फारसं अडलेलं नाही. दुसऱ्यात ३० जण जेरीस आलेले आहेत आणि तुमच्या मदतकक्षाला तेच लिहीत असतात. म्हणून अहवालात सरासरीच्या आधी प्रत्येक पर्यायाला किती मतं पडली ते छापा. मग तोच तक्ता गटवार फोडा: फक्त मोबाइलवर शिकणारे आणि लॅपटॉप असलेले, पहिल्या वर्षाचे आणि शेवटच्या वर्षाचे, नोकरी सांभाळून शिकणारे आणि पूर्णवेळ शिकणारे. नाराज मंडळी सगळ्या गटांत सारखी पसरलेली क्वचितच असतात. बहुतेक वेळा ती एकदोन गटांत एकवटलेली सापडतात.

प्रश्नावली कुणी भरली नाही, तेही बघायला हवं. तिची लिंक प्लॅटफॉर्मच्याच मुखपृष्ठावर ठेवली असेल, तर कंटाळून लॉगिन करणंच सोडलेल्या विद्यार्थ्यापर्यंत ती पोहोचत नाही. सर्वांत असमाधानी माणूस मोजणीतून आपोआप गळतो आणि सरासरी वर चढते. लिंक एसएमएसनेही पाठवा आणि लेखी परीक्षेच्या वेळी छापील प्रतही द्या. ‘प्रश्नावली भरल्याशिवाय निकाल दिसणार नाही’ अशी अट काही ठिकाणी घालतात. त्याने संख्या वाढते, पण घाईतला विद्यार्थी सगळीकडे ४ वर टिचकी मारून मोकळा होतो. भरायला लागलेला वेळ आणि एकाच रकान्यातली सरळसोट उत्तरं तपासा. वीस विधानं चाळीस सेकंदांत कुणी वाचत नाही.

आणि मुळात तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न गुंफलेले आहेत. माहिती प्रणालींचं यश मोजण्यासाठी विल्यम डिलोन आणि एफ्रेम मॅक्लीन यांनी १९९२ मध्ये एक मांडणी केली आणि २००३ मध्ये ती सुधारली. त्या सुधारित मांडणीत प्रणालीचा दर्जा, माहितीचा दर्जा आणि सेवेचा दर्जा वेगवेगळे धरले आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर साइट नीट चालते का, तिच्यावरचं अभ्याससाहित्य कामाचं आहे का, आणि अडलं तर कुणी मदत करतं का. विद्यार्थ्याने दिलेला २ गुण यातल्या कशासाठी आहे हे कळलं नाही, तर त्या आकड्यावरून कुठलाच निर्णय घेता येत नाही.

याच विषयावर मी एम.एड.चा प्रबंध करते आहे. प्रश्नावली स्वतः तयार करावी की तयार मापनश्रेणी वापरावी? नमुना किती घ्यावा?
— एक संशोधक विद्यार्थिनी

दोन्हींचा मेळ घाला. साइट वापरायला किती सोपी आहे, एवढ्यापुरती तयार श्रेणी वापरा. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ म्हणजे ‘एसयूएस’ त्यासाठी उत्तम आहे. तिच्यात दहा विधानं आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे असतात. विषम क्रमांकांची विधानं प्रणालीच्या बाजूची, सम क्रमांकांची विरुद्ध बाजूची. गणना अशी: विषम विधानाच्या गुणातून १ वजा करायचा, सम विधानाचा गुण ५ मधून वजा करायचा, दहाही बाक्यांची बेरीज करून २.५ ने गुणायचं. एखाद्याने क्रमाने ४, २, ४, १, ४, २, ५, २, ४, ३ असे गुण दिले, तर विषम विधानांचे १६, समांचे १५, बेरीज ३१ आणि अंतिम गुण ७७.५.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, ७७.५ ला टक्के समजणं. ही श्रेणी ० ते १०० असली तरी टक्केवारी नव्हे; वेगवेगळ्या प्रणालींना मिळालेल्या गुणांची सरासरी साधारण ६८ च्या आसपास असते आणि तुलना तिच्याशी करायची. दुसरी, सम विधानांची दिशा उलटी आहे हे घाईत भरणाऱ्याच्या लक्षातच न येणं. ज्याने ‘मला ही प्रणाली वारंवार वापरायला आवडेल’ला ५ दिले आणि ‘ही प्रणाली उगाच क्लिष्ट आहे’लाही ५ दिले, त्याचा प्रतिसाद बाजूला काढा आणि असे किती निघाले ते प्रबंधात नोंदवा.

साहित्य, शिक्षकांचा प्रतिसाद आणि मदतकक्ष यांसाठीची विधानं स्वतः लिहा. एका विधानात एकच गोष्ट हवी. ‘व्हिडिओ स्पष्ट आणि उपयुक्त होते’ हे विधान बाद. आवाज खरखरीत असूनही व्याख्यान उपयोगी पडलं असेल, तर त्या विद्यार्थ्याने काय भरायचं? मत विचारण्यापेक्षा घडलेली गोष्ट विचारा आणि मुदत घाला. ‘असाइनमेंट जमा करणं सोपं आहे’ यापेक्षा ‘मागची असाइनमेंट मी पहिल्याच प्रयत्नात अपलोड करू शकलो/शकले’ हे विधान किती तरी पटींनी उपयोगी, कारण त्याचं उत्तर विद्यार्थ्याला आठवतं आणि तांत्रिक विभागाला त्यावर काम करता येतं. ‘लागू नाही’ हा पर्याय ‘सांगता येत नाही’पासून वेगळा ठेवा. ज्याने मदतकक्षाला कधी विचारलंच नाही, त्याचा ३ गुण मदतकक्षाच्या खात्यात जाता कामा नये. शेवटी एक मुक्त प्रश्न ठेवा: ‘गेल्या दोन आठवड्यांत प्लॅटफॉर्मवर कुठे अडलात आणि तेव्हा काय केलंत?’ प्रबंधातलं सर्वांत बोलकं प्रकरण बहुधा याच उत्तरांतून उभं राहील.

कच्चा मसुदा आधी पाच-सहा विद्यार्थ्यांसमोर ठेवा आणि त्यांना प्रत्येक विधान मोठ्याने वाचून ‘यातून तुम्हाला काय विचारलं असं वाटलं?’ ते सांगायला लावा. मग २५-३० जणांवर पूर्वचाचणी घ्या. विश्वासार्हतेसाठी क्रॉनबाखचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) प्रत्येक उपविभागाचा स्वतंत्र काढा, ०.७ च्या वर असला तर साधारणपणे चालतो. सगळी विधानं एकत्र घालून काढलेला ०.९३ चा अल्फा दिसायला छान असतो, पण विधानांची संख्या वाढली की अल्फा तसाही फुगतो. एकूण वीस-बावीस विधानांवर जाऊ नका.

नमुन्यासाठी यामाने यांचं सूत्र प्रचलित आहे: एकूण संख्येला, १ अधिक (एकूण संख्या गुणिले किती चूक चालेल त्या मर्यादेचा वर्ग), याने भागायचं. १,२०० विद्यार्थी आणि ५ टक्के (०.०५) मर्यादा असेल, तर १,२०० भागिले ४, म्हणजे ३००. पण हे गणित यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ३०० जणांना लागू आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून आपणहून आलेल्या ३०० जणांना ते लागू होत नाही. हजेरीपटावरून यादृच्छिक क्रमांक काढा आणि त्या विद्यार्थ्यांचा पाठपुरावा करा. नमुना थोडा लहान झाला तरी असाच घ्या.

विद्यार्थी सारखे म्हणतात, ‘हा प्लॅटफॉर्मच बदला.’ आम्ही मूडल वापरतो. दुसरी प्रणाली घ्यावी का?
— विद्यापीठाच्या तांत्रिक विभागातून

आत्ता नको. आधी गेल्या सत्रातल्या दोनशे तक्रारी काढा आणि प्रत्येकीपुढे एकच खूण करा: सॉफ्टवेअर, त्याची मांडणी, की माणसांचा प्रतिसाद. ‘नोट्स सापडत नाहीत’ ही तक्रार सॉफ्टवेअरची वाटते, पण पाच विषयांच्या पाच शिक्षकांनी नोट्स पाच वेगळ्या जागी ठेवलेल्या असतात. कुणी आठवड्यानुसार, कुणी घटकानुसार, कुणी सगळं एकाच फोल्डरमध्ये ‘नवीन फायनल २’ अशा नावाने. प्रणाली बदलली तरी ही सवय सोबत जाईल. वर नवी प्रणाली शिकण्याचा त्रास सगळ्यांनाच होईल.

त्याऐवजी सर्व विषयांसाठी एकच साचा ठरवा. पहिल्या पानावर चारच गोष्टी: या आठवड्याचं काम, पुढची मुदत, शिक्षकांना विचारण्याची जागा, आतापर्यंतचे गुण. त्याखाली आठवड्यांचे विभाग. मग पाच विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर चार कामं करायला द्या: पुढची मुदत शोधा, एक फाइल जमा करा, मागच्या असाइनमेंटवरचा शिक्षकांचा शेरा वाचा, एक शंका विचारा. बाजूला बसून वेळ आणि टिचक्या मोजा, पण बोट दाखवून मदत करू नका. शेरा कुठे दिसतो हे शोधायला तीन मिनिटं लागली, तर ‘शिक्षक अभिप्राय देतच नाहीत’ या तक्रारीचं मूळ तुम्हाला सापडलं.

तुम्ही तांत्रिक विभागातले आहात म्हणून फाइल अपलोडबद्दल थोडं सविस्तर लिहितो. वहीची पानं मोबाइलने टिपली की एकेक फोटो ३ ते ५ एमबीचा होतो; बारा पानांचे ३६ ते ६० एमबी झाले. मर्यादा २० एमबीची असली की अपलोड अडतं आणि विद्यार्थ्याला नेमकं कारण समजत नाही. मूडलमध्ये ही मर्यादा एका जागी नसते. सर्व्हरवरच्या पीएचपीची (मूडल ज्या भाषेत लिहिलेलं आहे तिची) सेटिंग, संपूर्ण साइटची, त्या कोर्सची आणि त्या असाइनमेंटची अशा पायऱ्या आहेत आणि यातली सर्वांत लहान मर्यादा लागू होते. शिक्षकाने असाइनमेंटमध्ये ५० एमबी निवडायला जावं तर तो पर्यायच दिसत नाही, कारण वरची मर्यादा आडवी येते. पीएचपीत ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’ वाढवलं आणि ‘पोस्ट मॅक्स साइझ’ तसंच राहिलं, तरी काम होत नाही. दुसरी किंमत पहिलीपेक्षा थोडी मोठी लागते. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मर्यादा आणखी वेगळी. सगळ्या पायऱ्या एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. आणि विद्यार्थ्यांना मोबाइलच्या स्कॅनर ॲपमधून पानं करड्या रंगात एका पीडीएफमध्ये घ्यायला शिकवा. बारा पानं सहज ५ एमबीच्या आत बसतात.

मुदतीची वेळ रात्री १२ अशी कधीच ठेवू नका. ‘१५ तारीख, ००:००’ म्हणजे १४ तारीख संपतानाची वेळ, पण निम्मा वर्ग ती १५ ची रात्र समजतो. २३:५९ त्यापेक्षा बरं, आणि संध्याकाळी ५ सर्वांत चांगलं, कारण तेव्हा मदतकक्षात माणूस असतो. दोन मोठ्या वर्गांच्या मुदती एकाच तासात आणू नका. शेवटच्या दहा मिनिटांतली गर्दी सर्व्हरला पेलली नाही, की वर्षभराच्या चांगल्या सेवेवर पाणी पडतं.

घरी नेटवर्क धड नसतं. व्याख्यानांचे तासाभराचे व्हिडिओ असतात आणि डेटा संपतो. एकदा लांबलचक उत्तर टाइप करून ‘सबमिट’ दाबलं, तर लॉगिनचं पान आलं आणि सगळं गेलं. असं का होतं?
— पदवीच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी

लॉगिन केल्यावर सर्व्हर तुमच्यासाठी एक सत्र उघडतो आणि काही वेळ तुमच्याकडून हालचाल दिसली नाही, तर ते बंद करतो. पानावर टाइप करत राहणं ही साध्या चौकटीत सर्व्हरच्या दृष्टीने हालचालच नसते, कारण बटण दाबेपर्यंत त्याच्याकडे काहीच जात नाही. तुम्ही दीड तास लिहीत होता आणि तिकडे सत्र कधीच संपलं होतं. म्हणून उत्तर आधी मोबाइलच्या नोट्समध्ये किंवा साध्या मजकूर फाइलमध्ये लिहा, मग कॉपी करून चिकटवा आणि लगेच जमा करा. जमा झाल्याचा संदेश दिसला की स्क्रीनशॉट घ्या. मूडलच्या क्विझमधली उत्तरं मात्र दर काही वेळाने आपोआप सेव्ह होतात, शर्त एवढीच की त्या वेळी नेट सुरू हवं.

डेटाचं गणित असं. सेकंदाला १ मेगाबिटने चालणारा व्हिडिओ तासाला ४५० एमबी खातो. तेच व्याख्यान ६४ किलोबिटच्या ऑडिओत २९ एमबीच्या आत बसतं. रोज तीन तासांची व्याख्यानं असली तर एकीकडे १,३५० एमबी, दुसरीकडे ९० सुद्धा नाही. वर्ग प्रतिनिधीमार्फत शिक्षकांकडे नेमकी मागणी करा: प्रत्येक व्याख्यानाचा ऑडिओ वेगळा, स्लाइड्सची पीडीएफ वेगळी, व्हिडिओ डाउनलोड करण्याची मुभा आणि तासाभराच्या एका फाइलऐवजी छोटे भाग. शेवटच्या मागणीला भक्कम आधार आहे. २०१४ मध्ये फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्लॅटफॉर्मवर व्हिडिओ पाहिले गेल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, त्याच्याशी जोडलेलं राहण्याच्या वेळेचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) फार तर सहा मिनिटं असतो, असं त्यांत दिसलं. तुमचे शिक्षक हा मुद्दा ऐकतील, असं वाटतं.

गेल्या वर्षी आम्ही मोबाइल ॲप आणलं, व्हिडिओंचा दर्जा सुधारला. तरी समाधानाचे गुण घटले!
— एक विभागप्रमुख

समाधान हे मिळालेल्या सेवेइतकंच अपेक्षेवर ठरतं. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये ग्राहकांबाबत हे मांडलं आणि अनोल भट्टाचार्जी यांनी २००१ मध्ये माहिती प्रणालींना लावून दाखवलं. ॲपची जाहिरात करताना ‘आता सगळं मोबाइलवर’ असं सांगितलं असेल आणि गुणपत्रक मात्र ब्राउझरमध्येच उघडत असेल, तर ॲप नव्हतं तेव्हापेक्षा जास्त राग येणारच. ॲपवर काय होत नाही, ते पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहा. शिवाय अपेक्षा वेगळी मोजा. ‘कॉलेस’ या प्रश्नावलीची (२४ विधानं, सहा गट) अशी एक आवृत्ती आहे की प्रत्येक गोष्ट प्रत्यक्षात किती घडते आणि किती घडावीशी वाटते, ही दोन्ही उत्तरं ती घेते. दोहोंतलं अंतर जिथे सर्वांत मोठं, तिथे आधी हात घाला.

चर्चेच्या विभागात कुणी लिहीतच नाही, आणि सत्राअखेरीस म्हणतात, ‘शिक्षकांशी संवाद नव्हता.’
— एक प्राध्यापक

सर, ‘काही शंका असल्यास विचारा’ असा धागा उघडून ठेवला की तो रिकामाच राहतो. रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० मध्ये मांडलेल्या चौकटीत ऑनलाइन वर्गात तीन प्रकारची उपस्थिती लागते असं म्हटलं आहे: शिकवणाऱ्याची, वर्गमित्रांची आणि विचारांची. साइट ही तिन्ही आपोआप पुरवत नाही. ऐंशी जणांचा वर्ग दहा-बारा जणांच्या गटांत वाटा. प्रश्न असा द्या की उत्तर देताना बाजू घ्यावी लागेल आणि पुस्तकातून उतरवता येणार नाही. पहिले तीन दिवस तुम्ही गप्प राहा. चौथ्या दिवशी दोन-तीन उत्तरांचा नावानिशी उल्लेख करून मतभेद कुठे आहे ते पाच ओळींत लिहा. शंकेला ४८ तासांत उत्तर देईन असं पहिल्या पानावर लिहा आणि ते पाळा. संपूर्ण उत्तर तयार नसेल तर ‘प्रश्न वाचला, शुक्रवारी लिहितो’ एवढं तरी टाका. अनिश्चित वाट पाहण्याने विद्यार्थी जितका तुटतो, तितका उशिराने तुटत नाही.

समाधान वाढलं म्हणजे शिकणंही वाढलं, असं धरता येईल का?
— एक वाचक

नाही. २०१९ मध्ये लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांचा हार्वर्डमधल्या पदार्थविज्ञानाच्या वर्गांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी स्वतः कृती करत धडा शिकला, त्यांचे चाचणीतले गुण जास्त आले, पण ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांनाच वाटत होतं. सुबक व्याख्यान ऐकलेल्यांचं उलट झालं. म्हणून समाधानाचे आकडे अडथळे शोधण्यासाठी वापरा, शिकण्याचा पुरावा चाचणीतूनच घ्या. लॉगिनच्या संख्येबद्दलही हेच. दिवसातून नऊ वेळा लॉगिन करणारा विद्यार्थी अभ्यासात रमलेला असेल किंवा एक नोट्स शोधून दमलेला असेल.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या उत्तरांत समाधानाचा गुण सर्वांत कमी आहे. वर्गात असे दोघंच आहेत. लगेच काय करता येईल?
— एक ग्रंथपाल

सर्वांत आधी स्कॅन केलेल्या पीडीएफ. स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, लेखी ते पान म्हणजे निव्वळ चित्र असतं, त्यामुळे वाचण्यासारखं त्याला काहीच सापडत नाही. तपासायला अगदी सोपं आहे: फाइलमधला एखादा शब्द माउसने निवडून पाहा. निवडता आला नाही, तर ती फाइल ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) काढा, आणि देवनागरी मजकुराचं ओसीआर झाल्यावर जोडाक्षरं माणसाकडून तपासून घ्या. तुम्ही ग्रंथालयात आहात, तेव्हा हे काम तुमच्या हातचं आहे. पुढच्या महिन्याच्या वाचनसूचीपासून सुरुवात करा. आकृत्यांना वर्णन लिहा. कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं प्रमाण निदान ४.५ : १ असायला हवं, फिक्या करड्या रंगातल्या सूचना इथेच नापास होतात. मूडलच्या क्विझमध्ये एकाच विद्यार्थ्याला जास्त वेळ देण्याची सोय आहे, ती परीक्षेच्या आदल्या दिवशी लावून तपासा.

आणि अहवालात त्या दोघांचा गुण वेगळा छापू नका. नाव नसलं तरी कोण ते वर्गाला लगेच कळेल आणि पुढच्या वेळी ते खरं लिहिणार नाहीत. पाचपेक्षा लहान गटाचे आकडे जाहीर करायचे नाहीत, असा नियम ठेवा. त्या दोघांशी समोर बसून बोला, आणि त्यांनी सांगितलेल्या कामांतलं पहिलं काम झालं की त्यांना तसं कळवा.